पावणेआठ मासे

पहाटे साडेपाचला, वेताळ टेकडीवर,
ग्लिरिसिडियाच्या दोन झाडांमध्ये जाळी ताणलेली असते.
इतकी बारीक, की दव धरेपर्यंत
मलाही दिसत नाही;
आणि मी चाळीस वर्षं रविवार पेठेत
डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस.

नफिसा तांबोळी पाखरू सोडवते.
आधी पाय, मग पंख, शेवटी डोकं,
गाठ सुटावी पण सूत तुटू नये तशी.
मग सुती पिशवी माझ्याकडे येते.
आत धडधड, पण हाताला भार नाही.
मी पिशवीसकट तोलतो, पिशवी वजा करतो,
आणि सवयीने बोलून जातो :
पावणेआठ मासे.

"काका, ग्रॅम सांगा ना.
संस्थेत वाचतील तर म्हणतील,
टेकडीवर चढून मासे पकडताहेत."
साडेसात, मी म्हणतो. लिही.

हिरवट पर्णवटवट्या.
वजनापेक्षा नाव जड.
शेवाळी पाठ, फिकट भुवई,
पंखावर एक पुसट पट्टी,
कारागीर जेवायला उठला आणि विसरला अशी.

त्याच्या पायात आम्ही वळं घालतो :
गुंजेचा तिसरा हिस्सा, वर आकडे.
"हा आपला हॉलमार्क," नफिसा म्हणते.
मी बोलत नाही.
हॉलमार्क म्हणजे खात्री.
हा तर नुसता प्रश्न,
हिमालयापलीकडे धाडलेला,
उत्तराच्या पत्त्याशिवाय.

चैत्रात तो निघतो.
त्याआधी खातो, खातच राहतो.
गळ्याखालच्या पिसांवर फुंकर घातली
की खळगीत साठवण दिसते, पिवळी,
सोन्यासारखी म्हणणार होतो,
पण नाही, तुपासारखी.
दहा मासे. एकदा अकरा.
तोळा कधीच भरला नाही.
सगळी वाट तोळ्याच्या आत.

"शंभरांतले दोन-तीनच पुन्हा सापडतात, काका."
सोनं आटवताना घट धरावी लागते,
गिऱ्हाइकाला ती आधी सांगावी लागते.
ही घट कुणाच्या नावावर मांडू?

पेढीवर बायका नथ मोडायला यायच्या.
काट्याकडे बघायच्या नाहीत,
माझ्या तोंडाकडे बघायच्या.
त्यातली एकही नथ पुन्हा आली नाही.
आली असेल, बांगडी होऊन,
कुणाच्या लेकीच्या हातात;
मी कशी ओळखणार.

या कार्तिकात, सात वाजून दहा मिनिटांनी,
नफिसाचा हात पिशवीतच थांबला.
पायात वळं होतं. आधीचं.
तिने आकडे वाचले, दोनदा,
मी वही मागे उलटली, बोट फिरवत.
गेला कार्तिक. हीच जाळी. हाच हिवर.
वजनाच्या रकान्यात माझंच अक्षर.
मी काटा शून्यावर आणला, पुन्हा तोललं.
पावणेआठ.
तेव्हाही पावणेआठ.
एवढं जाऊन येऊन
गुंजभरही घट नाही.

नफिसाने डोळे पुसले नाहीत,
हात मोकळे नव्हते.

मग नीट उजाडलं, आणि दिसलं :
हिवराच्या बुंध्यावर पांढरा रंग,
दोनशे एकोणचाळीस.
पलीकडच्यावर दोनशे चाळीस.
गेल्या रविवारी काही नव्हतं.

सोपान वाघमोडे शेळ्या घेऊन वर आला.
म्हणाला, दोघं होते, डबा आणि ब्रश घेऊन.
खाणीपर्यंत मोजत गेले.
कशाला?
"आता मोजतात म्हणजे..." म्हणाला,
आणि एका शेळीला उगाच हाकललं.

नफिसाने मूठ उघडली.
पाखरू तळहातावर बसून राहिलं,
सुटल्याचं त्याला कळलंच नव्हतं.
मग हिवरात शिरलं,
आकड्याच्या हातभर वर,
आणि एकदाच बोललं.

वहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो.
तिथे एरवी आम्ही लिहितो, प्रकृती ठीक.
मी लिहिलं :
मुक्काम, झाड क्रमांक दोनशे एकोणचाळीस.
आणि वजनापुढे, मासे.

नफिसाने वाचलं.
खोडलं नाही.